वाचकांचे प्रश्न : सीसी सारखे, ओढ निराळी

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९८५ सालची बुलेट ३५० आहे आणि मामांकडे त्याच सुमाराची राजदूत ३५०. कागदपत्रांवर दोन्हींचे सीसी जवळजवळ सारखे आहे. तरीही सोलापूरहून तुळजापूरला जाताना चढावर बुलेट तिसऱ्या गिअरमध्ये निमूटपणे चढते, तर राजदूतचे गिअर सारखे उतरवावे लागतात. पुणे रस्त्याला लागल्यावर मात्र राजदूत पाहता पाहता दिसेनाशी होते. असे का होते? बुलेटचा स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जाण्याचे अंतर) लांब असल्यामुळे तिला टॉर्क (फिरवण्याचा जोर) जास्त मिळतो, असे आमचे मिस्त्री म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. मिस्त्रींचे म्हणणेही अनुभवाला धरून आहे. मात्र त्याची कारणमीमांसा थोडी वेगळी करावी लागेल. सीसीचा आकडा पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरमध्ये किती जागा मोकळी होते एवढेच सांगतो. ती जागा मिनिटाला किती वेळा आणि कितपत पूर्ण भरते, हे इंजिनाच्या रचनेवर ठरते.

बुलेटच्या एकाच सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी आहे. त्यातून ३४६ सीसी होतात. राजदूत ३५० म्हणजे यामाहा आरडी ३५०चे भारतीय रूप. तिला ६४ मिमी बोअर आणि ५४ मिमी स्ट्रोकचे दोन सिलिंडर असून त्यांचे मिळून ३४७ सीसी भरतात.

लांब स्ट्रोक म्हणजे लांब दांड्याचा पान्हा, अशी समजूत सर्वत्र आढळते. पण सीसी तेवढेच ठेवून स्ट्रोक वाढवला की पिस्टनचे क्षेत्रफळ त्याच प्रमाणात घटते. बुलेटच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस सेंटिमीटर आहे, तर राजदूतच्या दोन्ही पिस्टनचे मिळून ६४. म्हणजे दांड्याने जे मिळवले, ते पिस्टनवरील कमी झालेल्या जोराने तिथल्या तिथे फिटते. स्ट्रोकचा खरा परिणाम इंजिनाच्या श्वासावर होतो. अरुंद सिलिंडरच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह लहानच बसतात आणि त्या लहान वाटेतून हवा-पेट्रोलचे मिश्रण कमी फेऱ्यांवरही वेगाने आत येते, त्यामुळे इंजिन संथ फिरत असतानाच सिलिंडर चांगला भरतो आणि ओढ खालीच मिळते. फेरे वाढले की मात्र तीच वाट अपुरी पडते. शिवाय मिनिटाला ५,६०० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे जिथे बुलेट आपली सुमारे १८ अश्वशक्ती देते तिथे, तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ १७ मीटर झालेला असतो, म्हणून आणखी फेरे तिला पेलत नाहीत. राजदूतचा पिस्टन ६,७५० फेऱ्यांवरही सेकंदाला १२ मीटरच्या आसपासच राहतो, कारण त्याला प्रत्येक वेळी कमी अंतर कापायचे असते.

अश्वशक्ती हा टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार आहे, हे एकदा ध्यानात घेतले की आपल्या पुणे रस्त्याचे कोडे सुटते. राजदूतच्या हाय टॉर्क आवृत्तीची ताकद साधारण ३०.५ अश्वशक्ती होती आणि ती टू-स्ट्रोक रचनेतून येत होती, म्हणजे दर फेऱ्याला एक स्फोट; बुलेटच्या फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांना एकदा होतो. ३,००० फेऱ्यांवर बुलेटच्या सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ स्फोट होतात, तर राजदूतच्या दोन सिलिंडरमध्ये मिळून १००. मग खालच्या फेऱ्यांवर राजदूत दम का तोडते? टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट (जळलेला वायू बाहेर पडण्याचे छिद्र) उघडे असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातले काही बाहेर निसटते. सायलेन्सरच्या फुगीर भागातून परतणारी दाबलहर ते मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. परंतु ही लहर नेमक्या वेळी पोहोचणे फेऱ्यांच्या ठरावीक पट्ट्यातच साधते. त्या पट्ट्याखाली इंजिन अर्धपोटी चालते आणि पट्ट्यात शिरताच एकदम उसळते. म्हणूनच तिला सहा गिअर दिले आहेत आणि घाटात ते वापरणे हा गाडीचा दोष मानू नये. अधिक आवाजासाठी सायलेन्सर कापून घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की त्या कापण्यात परतणारी लहरच हरवते.

बुलेटच्या फ्लायव्हीलचाही, म्हणजे क्रँकवरच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरच्या) जड चाकाचाही, उल्लेख करायला हवा. ते दोन स्फोटांमधल्या लांब अंतरात क्रँक फिरता ठेवते, त्यामुळे सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत गाडी अगदी हळू चालवली तरी बंद पडत नाही. ते टॉर्क मात्र वाढवत नाही, आणि वेग पकडायला लागणाऱ्या उशिरात त्याचाही वाटा असतो.

प्रश्न : जुन्या बुलेट ३५०ला ५००चा सिलिंडर आणि पिस्टन बसवून घ्यावा का?

उत्तर : माझे मत स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. जुन्या बुलेट ५००चा स्ट्रोक ९० मिमीच होता. बोअर तेवढा ८४ मिमी. सीसी ४४ टक्क्यांनी वाढले, पण अश्वशक्ती १८वरून सुमारे २२, म्हणजे २२ टक्क्यांच्या आसपासच वाढली. फायदा झाला तो खालच्या ओढीत. तेवढ्यासाठी आपल्या क्रँकचा बॅलन्स बिघडेल, कारण तो मूळ पिस्टनच्या वजनावर बेतलेला असतो. क्लच आणि गिअरबॉक्सवर जादा ताण येईल तो वेगळाच. नोंदणी पुस्तकात लिहिलेली इंजिन क्षमता परवानगीशिवाय बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाही. चढावर अधिक ओढ हवी असेल, तर एक-दोन दातांचा फरक असलेला स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) बसवून पाहावा. तो खर्चाला हलका आहे आणि नको वाटल्यास परत बदलता येतो.

प्रश्न : मे महिन्याच्या दुपारी सोलापुरात गाडी मंदावल्यासारखी वाटते. हा भास आहे का?

उत्तर : भास नाही. १५ अंशांवरच्या हवेपेक्षा ४२ अंशांवरची हवा साडेआठ टक्क्यांनी विरळ असते आणि ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. यावर उपाय म्हणून कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) लहान करून घेण्याचा मोह, विशेषतः टू-स्ट्रोक गाडीत, टाळावा. मिश्रण पातळ झाले, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडले, की पिस्टन तापतो आणि भर उन्हात लांब पल्ल्यावर इंजिन सीझ होण्याची (पिस्टन सिलिंडरमध्ये अडकण्याची) शक्यता वाढते. सिलिंडरच्या बाहेरच्या पंख्यांमधला (थंडाव्यासाठीच्या पात्यांमधला) चिखल आणि तेलाचा थर काढून ते स्वच्छ ठेवणे अधिक उपयोगाचे आहे.