विद्यार्थी सीझनसाठी ८ मिनिटांची समकालीन नृत्यरचना बसवतेय. विषय कसा निवडू?

तुम्ही लिहिलंय की वेलिंग्टनच्या न्यूझीलंड स्कूल ऑफ डान्समध्ये शिकता, आधी पुण्यात एकांकिका करायचात, वर्गातल्या सगळ्यांच्या छोट्या रचना एकाच संध्याकाळी होणार आहेत आणि विषय सुचत नाहीये. विषय मिळेल हो. एक हालचाल घ्या, दोघा नर्तकांवर आठवडाभर घासून बघा, त्यातून जे पुन्हा पुन्हा वर येतं ते धरा. ‘स्थलांतर’, ‘एकटेपण’ असे शब्द आधी ठरवून त्यांना स्टेप्स चिकटवू नका.

रचनेची खरी माती होते टेकला, म्हणजे थिएटरमधल्या लाइट्ससकट तांत्रिक तालमीला. कारण प्रत्येक कोरिओग्राफर एकच वाक्य ऐकवतो: लाइट्सचं नंतर बघू. नंतर म्हणजे कधी?

हिशोब करा. समजा, टेकमध्ये तुमच्या वाट्याला ४० मिनिटं आली आणि तुम्ही २० क्यू, म्हणजे प्रकाशातले ठरवून केलेले बदल, मागितलेत. क्यू बघायचा, दिव्यांची लेव्हल (तीव्रता) आणि फेडची (हळूहळू बदलण्याची) वेळ ठरवायची, सेव्ह करायचा, स्टेज मॅनेजरने आपल्या वहीत लिहून घ्यायचा. यात २ मिनिटं सहज जातात. झाली की ४० मिनिटं! संगीतासकट सलग रन एकही नाही. ८ क्यू मागा, फार तर १०. निदान तीन आठवडे आधी लाइट डिझायनरला व्हिडिओ द्या: कॅमेरा समोर मध्यभागी, स्टॅंडवर, झूम न करता, पूर्ण जागा फ्रेममध्ये. सोबत कागद: मिनिट-सेकंद, कोण कुठून येतं, काय बदलायला हवं. तुमची शाळा आणि तोई फाकारी ही नाट्यशाळा न्यूटाउनमधल्या ते फाएआ या एकाच इमारतीत आहेत. लाइट्सवाल्यांना तालमीला बोलवायला जिना उतरण्यापलीकडे कष्ट नाहीत, तरी लोक बोलवत नाहीत.

एकांकिकेतून आलेल्यांना आधी चेहरा दिसायला हवा असतो, म्हणून समोरून प्रकाश मागतात. समोरच्या प्रकाशात शरीर पुठ्ठ्यासारखं सपाट दिसतं. अमेरिकन नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहमच्या रचनांची प्रकाशयोजना करणाऱ्या जीन रोझेंथलने बाजूचा प्रकाश किती बोलतो ते केव्हाच दाखवून दिलंय. विंगेत उभ्या पाइपवर तीन उंचींवर दिवे असतात: नडगीजवळ साधारण ३० सेंटीमीटरवर, कमरेशी, आणि डोक्याच्या वर. नुसता नडगीचा दिवा लावला की जमीन काळी राहते आणि माणूस तरंगल्यासारखा दिसतो. पण त्याच दिव्यासमोर दोघं एका रेषेत आले की विंगेकडचा दुसऱ्याला झाकतो, त्यामुळे रांगा अर्धं पाऊल पुढेमागे करा. जमिनीवर लोळणाऱ्याच्या डोळ्यांत तो थेट घुसतो. गिरकीत विंगेकडे तोंड आलं की क्षणभर काहीच दिसत नाही आणि तोल जातो. स्टुडिओत निदान एकदा बाजूला हॅलोजन ठेवून तालीम करा.

रिग, म्हणजे दिव्यांची मांडणी, सगळ्यांचं सामायिक असतं. तुमच्यासाठी दिवे हलणार नाहीत. एखादा स्पेशल, म्हणजे एकाच जागेसाठी लावलेला दिवा, मिळाला तर तो पडतो त्या जागी चिकटपट्टीची खूण करा. अंधारात जागा घ्यायची असेल तर अंधारात चमकणारी पट्टी, नखाएवढीच.

डान्स फ्लोअरच्या पट्ट्या सांध्यावर टेपने चिकटवलेल्या असतात. टेपचं टोक उचललं गेलं की अनवाणी बोट तिथेच अडकतं. शोआधी सांधे हाताने चाचपा. पायांना, अंगाला मॉइश्चरायझर लावून स्टेजवर येऊ देऊ नका, त्या डागावरून पुढच्या रचनेतला कुणीतरी घसरेल. हवेत विरळ धुकं सोडणाऱ्या हेझ मशीनच्या तोंडापुढची जागाही निसरडी होते.

एकच नर्तक तीन रचनांत असेल तर क्रम ठरण्यापूर्वी बोला. त्याच्या दोन रचनांमध्ये दुसऱ्या कुणाची तरी एक रचना असली पाहिजे. घामाने ओली पॅंट दोन मिनिटांत उतरत नाही. संगीताची परवानगी कोण मिळवणार तेही आत्ताच विचारा.

टेकचा वेळ, दिव्यांची संख्या दर वर्षी वेगळी असू शकते, तेव्हा तुमच्या स्टेज मॅनेजरचं वेळापत्रक माझ्या आकड्यांपेक्षा वरचढ. आणि साध्या पांढऱ्या प्रकाशात, दोनच क्यूंवर उत्तम उभ्या राहणाऱ्या रचना असतात, हेही मान्य. पण तो निर्णय आधी घेतलेला असावा. टेकच्या दिवशी स्टेप्स बदलायच्या नाहीत. एक प्रवेश डावीकडचा उजवीकडे नेलात तरी चार क्यू पुन्हा बसवावे लागतात, आणि ती मिनिटं तुमच्यानंतर ज्याची रचना आहे त्याची असतात.