पक्के व्याघ्र प्रकल्पात धनेशाची घरटी राखायला स्वयंसेवक म्हणून जाता येईल का?

नाही, अरुणाचलातल्या पक्केमध्ये हे काम स्थानिक न्यिशी जमातीचे गावकरी मानधनावर करतात, आणि तेच बरं. धनेशाची (हॉर्नबिलची) मादी झाडाच्या ढोलीत शिरून ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. तीन-चार महिने नर बारीक फटीतून फळं भरवतो. तो मारला गेला की आत मादी-पिल्लांची उपासमार. शिवाय ढोलीचं झाड शोधणं दोन आठवड्यांच्या पाहुण्याला जमत नाही. गावकऱ्यांमधले काही तर पूर्वीचे शिकारी!

तुम्ही या राखणदारांचं मानधन जिच्यातून निघतं त्या 'घरटं दत्तक' योजनेला पैसे द्या, किंवा 'हॉर्नबिल वॉच' या संकेतस्थळावर धनेश दिसल्याच्या नोंदी टाका, अगदी कोकणात दिसलेल्या धनेशाचीही चालते. नुसतं पाहायला जायचं तरी इनर लाइन परमिट (अरुणाचलात शिरायचा सरकारी परवाना) लागतंच.