आधी घाम की आधी ठणका?

या वेळचे प्रश्न चाळताना जाणवलं की बहुतेक जणी पंचेचाळीस ते बावन्नच्या आहेत, सगळ्यांना आमवात आहे, म्हणजे डॉक्टरांच्या कागदावरचा र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आणि तक्रार एकच: रात्री तीनला टक्क जाग. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. ती जायच्या आधीची तीन-चार वर्षं झोपेला सगळ्यात वाईट असतात. आमवातही पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. तेव्हा दोन्ही दुखणी एकाच घरात मुक्कामाला येणं नवलाचं नाही.

प्रश्न (वय ४७, नाशिक): सात वर्षांपासून आमवात आहे, गोळ्यांनी आटोक्यात होता. वर्षभरापासून पाळी मागेपुढे होते. रात्री दोन-तीनला अंगातून वाफा निघून जाग येते, मग बोटं ठणकतात. पंखा लावला तर बोटं धरतात, बंद केला तर जीव घाबरतो. आमवात वाढलाय की हे पाळीचं आहे?

उत्तर: दोन्ही असू शकतं, आणि उपचार वेगवेगळे आहेत. म्हणून आधी हे शोधायचं की जाग कशाने आली: घामाने की ठणक्याने?

पाळी जायच्या काळात इस्ट्रोजेन सरळ खाली येत नाही, हेलकावे खातं. त्यामुळे मेंदूतला तापमानाचा काटा हळवा होतो. एरवी जाणवलीही नसती एवढ्याशा उष्णतेने छातीत धडधड होते, मानेला-पाठीला घाम फुटतो. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात गुंगी आणणारा एक पदार्थ बनतो, तोही कमी पडतो. इकडे आमवाताचं घड्याळ वेगळंच. सूज वाढवणारी रसायनं रक्तात मध्यरात्रीनंतर चढतात आणि त्यांना आवर घालणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल पहाटेकडे वर येतं. मधल्या वेळात सांधे आखडतात. ही दोन्ही घड्याळं दोन ते पाचच्या दरम्यान गाठ घालतात.

एक काम करा. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकोनात पंधरा दिवस एकेक अक्षर लिहा: घामाने जाग आली तर ‘घ’, दुखण्याने ‘दु’, लघवीला उठलात तर ‘ल’. बाजूला एकच आकडा: उठल्यापासून पोळीची कणीक नीट मळता येईपर्यंत किती मिनिटं गेली. आकडा तासाच्या पुढे राहात असेल आणि बोटांची पेरं गरम, सुजलेली असतील, तर आमवात पेटलाय. सांध्याच्या डॉक्टरांना दाखवा, औषध बदलावं लागेल, आणि ते बदललं की झोप आपोआप सुधारते. ‘घ’च जास्त आणि सकाळी मूठ सहज वळत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. जाण्याआधी थायरॉइडची तपासणी करून घ्या. या वयात त्याचं दुखणंही हुबेहूब असंच सोंग घेतं.

पंख्याचं म्हणाल तर वाऱ्याने आमवात वाढत नाही. गारठ्यात आखडल्यासारखं वाटतं, एवढं खरं. धड उघडं आणि हातपाय झाकलेले, असं झोपून बघा. अंगात मलमलचा सैल गाऊन, पायांत सुती मोजे, मनगटांवर जुन्या मोज्यांच्या कापलेल्या नळ्या. माझ्या एका पेशंटने ही युक्ती शोधली, मी फक्त पुढे सांगते. गोधडी एकच जाड नको. दोन पातळ चादरी घ्या, एक लाथेने दूर करता आली पाहिजे.

प्रश्न (वय ५१, ठाणे): प्रेडनिसोलोनची (स्टेरॉइडची) गोळी सकाळी घेतली की पित्त होतं, म्हणून मी रात्रीच्या जेवणावर घेते. झोप चार तासांच्या वर लागत नाही.

उत्तर: गोळीची वेळ हेच तुमचं उत्तर असण्याची शक्यता मोठी आहे. साधं स्टेरॉइड रात्री घेतलं की मेंदूला वाटतं सकाळ झाली. डॉक्टरांना फोन करून ती सकाळी भरपेट नाश्त्यानंतर घेता येईल का विचारा. पित्तासाठी वेगळी गोळी देता येते. पण स्वतःहून बंद करू नका, एक दिवसही. बरेच महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. आणि फोन करालच तर हाडांच्या घनतेच्या तपासणीचंही विचारा. आमवात, स्टेरॉइड आणि पाळी जाणं, तिन्ही गोष्टी हाडं पोकळ करतात.

प्रश्न (वय ४९, सांगली): सहा वर्षांपासून झोपेसाठी अल्प्राझोलामची अर्धी गोळी घेते. आता एक घेतली तरी झोप येत नाही. मेडिकलवाला ओळखीचा आहे, तो देतो. एकदा सोडली तर दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

उत्तर: ओळखीचा आहे म्हणून देतो, हेच दुखणं आहे. त्याच्यावर कायद्याने चिठ्ठी पाहण्याचं आणि नोंद ठेवण्याचं बंधन आहे. तुमची मात्र यात चूक नाही. या गोळीचा गुणच तसा. काही आठवड्यांत शरीर तिला सरावतं आणि सोडली की झोप दुप्पट रागाने निघून जाते. त्या दोन रात्री म्हणजे तुमची मूळ निद्रानाशाची व्याधी नव्हती, गोळी सुटल्याची प्रतिक्रिया होती. एकदम सोडू नका, झटकेसुद्धा येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिन्यांत, दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत उतरायचं.

सोबत जे करायचं त्याला पहिल्या पसंतीचा उपचार मानतात: झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये तिला गोळ्यांच्या आधीचं स्थान दिलं. तिचा गाभा ऐकायला उलटा वाटतो: झोप कमी असेल तर अंथरुणातला वेळ कमी करा. समजा तुम्ही दहाला आडव्या होता, सहाला उठता आणि प्रत्यक्ष झोप साडेपाच तास. मग उठण्याची वेळ साडेपाच पक्की करा, रविवारीही, आणि साडेअकराच्या आधी अंथरुणाला पाठ लावू नका. आठवडाभर पडल्या पडल्या झोप लागायला लागली की पंधरा मिनिटं आधी झोपा. जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप येईना, तर उठून खुर्चीत बसा. घड्याळ बघू नका, मोबाइल तर नाहीच.

आमवात असलेल्यांसाठी माझ्या दोन अटी. सहा तासांपेक्षा कमी वेळ ठेवायचा नाही, कारण जागरणाने दुखणं आणखी तीव्र जाणवतं. सांधे सुजलेले असताना हा प्रयोग सुरूच करायचा नाही. आणि जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर रात्री उठताना गुडघे-मनगटांचे हाल होतात. आधी पलंग घ्या.

प्रश्न (वय ४८, पणजी): रात्री पोटऱ्यांत मुंग्या चालल्यासारखं होतं. पाय हलवत राहिले तरच बरं वाटतं. पाळीला आठ-दहा दिवस भरपूर जातं. फेरिटिन ६० आलं, डॉक्टर म्हणाले लोह नॉर्मल आहे.

उत्तर: हा आकडा मला नॉर्मल वाटत नाही. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पण अंगात सूज असेल तर ते खोटंच वर दिसतं, आणि आमवात म्हणजे सूजच. निरोगी माणसाचं ६० आणि तुमचं ६० सारखं नाही. शिवाय पायांच्या या अस्वस्थतेत लोह नुसतं पुरेसं असून भागत नाही, साठा ७५ च्या वर लागतो. सीआरपी (सूज किती आहे ते) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून प्रत्यक्ष किती लोह वाहतंय ते) सोबत बघायला सांगा. लोहाची गोळी लागली तर चहापासून किमान तासभर लांब घ्या. जास्त रक्तस्राव मात्र नुसता पाळीच्या वयावर ढकलू नका. सोनोग्राफी करून घ्या.

प्रश्न (वय ५०, पुणे): स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात हार्मोन घ्या, घरचे डॉक्टर म्हणतात आमवातात अजिबात नको. मी आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेते. पाळी तीन महिन्यांनी येते.

उत्तर: आमवात आहे म्हणून हार्मोन नकोच, असं नाही. २०२० मध्ये अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनेही वाफांचा त्रास तीव्र असेल आणि इतर अडचण नसेल तर परवानगी दिली आहे. अडचणी कोणत्या? स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, यकृताचा आजार, रक्तात गुठळ्या करणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं. आमवातात गुठळीचा आणि हृदयविकाराचा धोका आधीच थोडा जास्त असतो, म्हणून पोटातून घ्यायच्या गोळीपेक्षा त्वचेवरची पट्टी किंवा जेल बरं. टोफासिटिनिबसारखं आमवाताचं औषध चालू असेल तर दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोललंच पाहिजे. गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. ते रात्री घ्यायचं असतं आणि त्याने गुंगी येते. इथे हा दुष्परिणाम आपल्या पथ्यावर पडतो. हार्मोन नको असतील तर वाफांवर कमी मात्रेतलं व्हेन्लाफॅक्सिन किंवा रात्रीचं गॅबापेन्टिन देता येतं.

तुम्ही विचारलं नाही ते सांगते. पाळी तीन महिन्यांनी येते म्हणजे अजून येते, म्हणजे दिवस राहू शकतात, आणि मेथोट्रेक्सेटवर दिवस राहणं गर्भाला घातक आहे. वाफांसाठी घेतलेले हार्मोन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पन्नाशीनंतर सलग एक वर्ष पाळीविना जाईपर्यंत काळजी घ्या.

प्रश्न (वय ४६, लातूर): झोपेसाठी अश्वगंधा चालेल का? दही, वांगं, टोमॅटो सगळं सोडलंय.

उत्तर: मेथोट्रेक्सेट चालू असेल तर नको, यकृतावर त्याचा भार आधीच आहे आणि अश्वगंधेनेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दही-वांग्याचा झोपेशी संबंध नाही, खुशाल खा. सोडायचाच तर संध्याकाळचा पाचचा चहा सोडा.

प्रश्न (एक पती, वय ५३, कल्याण): पत्नी तीनला उठते आणि स्वयंपाकघरात भांडी घासत बसते. बोटं सुजलेली असतात. थांबवलं तर चिडते. मी काय करू?

उत्तर: थांबवू नका. अंथरुणात तळमळण्यापेक्षा उठणं बरंच. पण शेजारी बसून एकदा विचारा: मन कशातच लागत नाही का, रडू येतं का, जगणं नकोसं वाटतं का? विचारल्याने असं काही डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी. ती घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही सांगा. या वयात बायकांमध्ये ते वाढतं आणि शेजारी झोपणाऱ्यालाच कळतं.

बाकी, सकाळचे सहा ते साडेसात तुम्ही घ्या: गॅस पेटवणं, कुकर उघडणं, कणीक, डबे. तिच्या बोटांचा तो सगळ्यात वाईट वेळ. आणि भांडी रात्री झोपण्याआधी तुम्हीच घासून ठेवा. तीनला ती उठेल तेव्हा सिंक रिकामं असू दे.