माळरान आणि दगडखाणी, एकाच राइडमध्ये

प्रश्न: आम्ही मँचेस्टरला असतो, मुलगा पंधराचा, माउंटन बाइकचं भयंकर वेड. मोकळं माळरान आणि जुन्या दगडखाणी असा एकच रूट जवळपास मिळेल का?

उत्तर: मिळेल की! मँचेस्टरच्या उत्तरेला रॉसेनडेल भाग आहे, तिथं जा. बेकपजवळ ली क्वारी आहे, तिथं खाणीतच बाइकसाठी ट्रेल बांधलेत, खाली सगळा दगड त्यामुळे पावसातही चिखल कमी, आणि तिथून पेनाइन ब्राइडलवे (ब्राइडलवे म्हणजे घोडे, सायकली आणि चालणारे यांना खुली असलेली रानवाट) धरून क्रॅग क्वारी ही दुसरी खाण गाठता येते. मधलं रान मात्र पीटचं, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मऊ काळ्या मातीचं, ओलं असलं की चाक रुततं, म्हणून दोनचार कोरडे दिवस गेले की निघा. नकाशात ब्राइडलवेच बघा, फुटपाथवर, म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठीच्या रानवाटेवर, सायकलला हक्क नाही, आणि ब्राइडलवेवरही चालणारे, घोडेवाले यांना आधी वाट द्यायची.

त्याच माळरानावरचा रूली मूर रोड हा जुना रस्ता अजिबात चुकवू नका. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते ६५ मध्ये इकडे कापूस येईना, इथल्या कापडगिरण्या थंडावल्या, तेव्हा बेकार गिरणी कामगारांनी ह्या रस्त्यावर दगड बसवले. त्याच वर्षांत आपल्या मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला होता! मुलाला तिथं थांबवून हे नक्की सांगा.