न वाळणारे एरंडेल रंगात कसे वाळते?

प्रश्न : खाऱ्या हवेमुळे आमच्या लोखंडी फाटकाला वरचेवर तेलरंग द्यावा लागतो. या खेपेस घेतलेल्या पांढऱ्या रंगातील रेझीन (रंग धरून ठेवणारा घटक) एरंडेलापासून केलेले आहे, असे दुकानदार म्हणाला. एरंडेल तर कधीच वाळत नाही. मग ते रंगात कसे चालते? आणि जवसाचे तेल असताना त्याची गरज काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपली शंका रास्त आहे. बाटलीच्या बुचापाशी ओघळलेले एरंडेल महिनोन्महिने चिकट राहते, आणि तेच तेल जसेच्या तसे रंगात ओतले तर फाटकही चिकटच राहील. तेल वाळते तेव्हा त्यातून काही उडून जात नाही. हवेतील प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि त्यासाठी मेदाम्लाच्या, म्हणजे तेल ज्यांचे बनते त्या आम्लाच्या, कार्बन-साखळीत जवळजवळ असलेले किमान दोन द्विबंध (कार्बन अणूंमधील दुहेरी जोड) लागतात. एरंडेलातील मेदाम्लांत ८५ ते ९० टक्के वाटा असलेल्या रिसिनोलेइक आम्लात द्विबंध एकच असतो. मात्र त्याच्या बाराव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट (प्राणवायू आणि हायड्रोजन यांची जोडी) असतो, आणि सारी करामत त्याच्यावरच चालते. आम्लधर्मी उत्प्रेरक घालून हे तेल निर्वात भांड्यात सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की तो गट शेजारच्या हायड्रोजनसह पाणी होऊन निघून जातो आणि साखळीत दुसरा द्विबंध तयार होतो. या निर्जलित एरंडेलाची मेदाम्ले ग्लिसरॉल आणि थॅलिक अनहायड्राइड हे रसायन यांच्याशी जोडून तेलरंगात वापरायचे अल्किड रेझीन करतात.

जवसाचे तेल वाळते उत्तम. पण त्यात तीन द्विबंधांचे लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते, आणि पांढरा रंग पिवळा पडतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. निर्जलित एरंडेलात ते जवळजवळ नसतेच. त्याचा दोष निराळा : रंग वरून वाळलेला दिसला तरी बोटाला किंचित चिकट लागत राहतो, म्हणून दमट हवेत दुसऱ्या हाताची घाई करू नये.

रेझीन कितीही चांगले असले तरी गंज खरवडून रेड ऑक्साइड प्रायमर द्यावाच लागतो. फाटकाची जाळी जस्तलेपित असेल, तर तिच्यावर हा रंग थेट लावू नका. जस्त आणि मेदाम्ले यांच्यापासून चक्क साबण तयार होतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. अशा जाळीला आधी जस्तासाठीचा खास प्रायमर लावावा.