परतीच्या मालाने अ‍ॅव्हरेज पडतं, म्हणून नवी पिकप घ्यावी का?

बेळगावच्या पश्चिम भागातल्या एका वाचकाने विचारलं आहे. घरची आणि भावकीतली रताळी, बटाटे, कोबी घेऊन ते चोर्ला घाटातून म्हापशाला जातात. जाऊन-येऊन 220 किलोमीटर, महिन्याला 20 खेपा. पिकप दीड टन पासिंगची, कर्ज फिटलेलं. भरून जाताना 12 चं अ‍ॅव्हरेज, रिकामी परतताना 15 चं. म्हापशाचा एक व्यापारी आठवड्यातून दोनदा बेळगावला नारळ आणायचे 1,500 रुपये भाडं द्यायला तयार आहे, पण घाट चढताना अ‍ॅव्हरेज मार खाईल म्हणून ते नको म्हणत आलेत. शोरूमवाला आता 2 किलोमीटर जास्त देणारी नवी गाडी सुचवतोय: जुनी बदल्यात, वर 6 लाखांचं कर्ज. मेहुण्यांचं म्हणणं, त्यापेक्षा एकच टन भरा, गाडी 13 देईल.

दादा, नवी गाडी घेऊ नका. नारळाचं भाडं मात्र उद्याच्या उद्या धरा.

आधी मेहुण्यांचा हिशेब बघू. डिझेल 90 रुपये लिटर धरतो. दीड टन भरून गेलात तर जाताना 9.2 लिटर आणि येताना 7.3, म्हणजे साडेसोळा लिटर, 1,485 रुपये. किलोमागे 99 पैसे. एकच टन नेला तर 15.8 लिटर, 1,420 रुपये, आणि किलोमागे 1 रुपया 42 पैसे. अ‍ॅव्हरेज 12 चं 13 झालं आणि तुमचा माल मात्र महागात पोचला. बाजारात कोबीचा भाव पडलेला असतो तेव्हा किलोमागचे हे 43 पैसे नफ्यातूनच जातात.

असं का होतं? वजनाने डिझेल दोन ठिकाणी वाढतं: चाकं लोळवायला आणि चढ चढवायला. वाऱ्याचा अडथळा गाडीचा वेग आणि आकार बघतो, हौद्यात किती माल आहे ते बघत नाही. इंजिन स्वतः फिरत राहायलाही डिझेल खातंच. शिवाय रिकामी गाडीच दीड टनाहून जड आहे, तिला हलवायचा खर्च तुम्ही आधीच केलेला असतो. म्हणून वजन दुप्पट झालं तरी डिझेल दुप्पट होत नाही.

आता घाट, कारण तुमची खरी भीती तीच आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, म्हापसा जवळजवळ समुद्राच्या पातळीला. दीड टन माल एवढ्या उंचीवर आणायला सुमारे 11 मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमध्ये 36 च्या आसपास असते, पण इंजिन त्यातला साधारण एक तृतीयांशच चाकापर्यंत पोचवतं. म्हणजे दीड टन नारळ घाट चढवायला लागतं जेमतेम एक लिटर! 110 किलोमीटर लोळवायला आणखी दीड लिटर. वळणं आणि खालचे गिअर धरून मी एकूण 3 लिटर म्हणतो, 270 रुपये. परतीचं अ‍ॅव्हरेज 15 वरून साडेदहावर येईल आणि तो आकडा बघून जीव हळहळेल, हे मला कळतं. पण त्या साडेदहाच्या मागे 1,500 रुपये रोख आहेत. हमाली, थांबण्याचा वेळ, टायरची झीज यांचे 300 काढले तरी खेपेला 900 हातात. महिन्याला 8 खेपा म्हणजे 7,200.

नव्या गाडीचं काय? शोरूमवाल्याचे 2 किलोमीटर जाताना-येताना दोन्हीकडे खरे धरले तरी खेपेला सव्वादोन लिटरच्या आतच वाचतात, 195 रुपये. महिन्याचे 3,900. 6 लाख, 5 वर्षं, 11 टक्के व्याज धरलं तर हप्ता 13,000 च्या थोडा वर जातो. नव्या गाडीचा विमा महाग, तो वेगळाच. महिन्याला 9,000 हून जास्त घरातून घालायचे, तेही पावसाळ्यात खेपा कमी झाल्या तरी.

कोणी म्हणेल, वजनाने एवढंच डिझेल वाढतं तर मग दोन टन का भरू नये? डिझेलचा हिशेब त्याच्या बाजूने आहे, ते नाकारत नाही: 11 चं अ‍ॅव्हरेज धरलं तर किलोमागे 78 पैसे, खेपेला 420 रुपयांची बचत. पण 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. एकदा सापडलात की दोन महिन्यांहून जास्त खेपांची बचत गेली. आणि तुम्ही भरलेली गाडी घेऊन चोर्ला उतरता. उतारावर पासिंगपेक्षा जड गाडीचे ब्रेक तापले तर पुढचं वळण हातात राहत नाही. हा भाग पैशात मोजायचा नाही, दादा. काट्यावर वजन करा, दीड टनाच्या आत राहा. नारळालाही तोच नियम.

नारळ सुरू करण्याआधी परमिट आणि विमा दुसऱ्याचा माल भाड्याने आणायला चालतो का, ते एजंटकडून लेखी घ्या. भरलेल्या गाडीला कंपनीने सांगितलेली जास्तीची हवा ठेवा. ताडपत्री घट्ट बांधा, फडफडली की डिझेल खाते.

पत्रात पतसंस्थेतल्या 2 लाखांच्या ठेवीचाही उल्लेख आहे. ती कर्जाच्या मार्जिनसाठी मोडू नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. मुदत संपली की बँकेत हलवा आणि त्यातले 1 लाख इंजिन, क्लचच्या मोठ्या कामासाठी राखून ठेवा. नारळाचे 7,200 पण तिथेच जमा करत चला. वर्षभरात दुरुस्तीचा खर्च महिन्याला सरासरी 8-9 हजारांवर जाऊ लागला, किंवा गाडी बंद पडून खेपा बुडू लागल्या, तर नव्या गाडीचा विचार पुन्हा करू. तेव्हा कर्जही 6 लाखांचं लागणार नाही.