३०४ की ३१६ ते नंतर, आधी खांबाच्या पायथ्याशी वाकून बघा

तुमचं घर वेंगुर्ल्याजवळ, समुद्रापासून तीनेकशे मीटरवर. वरच्या गॅलरीचं लोखंडी रेलिंग आठ वर्षांत सडलं. फॅब्रिकेटरने नव्या स्टेनलेस स्टीलच्या पाइपाला चुंबक लावून दाखवलं, ते चिकटलं नाही, आणि तो म्हणाला, "ओरिजिनल ३०४ आहे, आयुष्यभर बघायला नको." (३०४, ३१६, २०२ ही स्टेनलेस स्टीलच्या जातींची नावं.) हे खरं मानावं, की ॲल्युमिनियम किंवा काच लावावी, असा तुमचा प्रश्न आहे.

खरं मानू नका. माझं घर दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला, किनाऱ्यापासून अडीचशे मीटरवर आहे. एकाच गॅलरीचं रेलिंग मी दोनदा बदललंय आणि दुसऱ्यांदा बदललं ते याच चुंबकाच्या परीक्षेत पास झालेलं होतं.

आधी चुंबकाचं बघू. ३०४ ला चुंबक चिकटत नाही हे बरोबर, पण २०२ लाही चिकटत नाही. २०२ मध्ये महागड्या निकेलचा बराच भाग कापून त्याजागी मँगनीज घालतात. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. घरात, पुण्या-नाशकात, २०२ चा जिन्याचा कठडा वर्षानुवर्षं टिकतो. खाऱ्या वाऱ्यात मात्र पहिल्याच उन्हाळ्यात त्यावर चहाच्या डागांसारखे तपकिरी ओघळ दिसायला लागतात. आमच्याकडे २०१५ साली बसवलेलं असंच डागाळत गेलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात अंगणातला माड त्यावर आडवा झाला आणि विषय संपला. मोडलेले पाइप भंगारात दिले तेव्हा भंगारवाल्याने खिशातून बाटली काढली, पाइपावर एक थेंब टाकला, बॅटरीच्या वायरी टेकवल्या. थेंब लाल झाला. "२०२ आहे साहेब, ३०४ चा भाव मिळणार नाही." पाच वर्षं मी ज्याला ३०४ समजत होतो त्याची जात मला भंगारवाल्याकडून कळली. ते तपासायचं औषध स्वस्तात मिळतं. ३१६ ओळखायचं वेगळं असतं, कारण ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि समुद्राच्या मिठाला तेच तोंड देतं. माल उतरवताना स्वतः उभं राहून थेंब टाका. प्रामाणिक माणसाला त्याचा राग येत नाही.

पण त्या वादळात मला दिसलेली मोठी गोष्ट ही नव्हती. माड पडला रेलिंगच्या मधोमध, आणि तुटले ते खांब, पायथ्याशी. खांबाच्या पायाशी बोल्ट झाकायला फॅब्रिकेटर एक चकचकीत वाटी सरकवतात ना, ती उचलली तर आत ओल्या चहापत्तीसारखा गाळ. बोल्ट साध्या लोखंडाचे, वरून नुसता मुलामा दिलेले. दोन तर हातानेच निघून आले. वरची धरायची नळी डागाळलेली होती, पण शाबूत. म्हणजे पाच वर्षं जिथे टेकून आम्ही चहा प्यायलो ती जागा मजबूत होती आणि जिच्यावर ती उभी होती ती पोकळ. तुम्हीही आता स्क्रूड्रायव्हर घ्या आणि जुन्या लोखंडी खांबाला जमिनीलगत टोचा. माझं २००८ सालचं पहिलं लोखंडी रेलिंगही तिथेच गेलं होतं, खारी बिस्किटात बोट घुसावं तसं.

असं का होतं ते कळलं की धातू निवडणं सोपं जातं. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येऊन बसतात. पावसाळ्यात बरणीतल्या खड्या मिठाला पाणी सुटतं तसंच त्या कणांनाही सुटतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं, समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही पाणी धरतं. म्हणून डिसेंबरातही सकाळी रेलिंगवर हात ठेवला की तळवा चिकट होतो. पाऊस नसतानाही ते ओलंच असतं, तेही खाऱ्या पाण्याने.

यातून एक उलटी गोष्ट निघते. आपल्याला वाटतं पागोळीच्या आतलं, छपराखालचं रेलिंग जास्त टिकेल. पण पाऊस मीठ धुऊन नेतो. पागोळीबाहेरचा भाग जून ते सप्टेंबर फुकटात धुतला जातो, आतला भाग वर्षभर मीठ साठवतो. आमच्या गॅलरीत सगळ्यात जास्त डाग छपराखालच्या कोपऱ्यात आणि नळीच्या खालच्या अंगाला होते, जिथे पाऊस पोचत नाही.

आता धातूंचं. तुमच्याकडे पागोळीबाहेर किती आणि आत किती हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे मी माझ्या हिशेबाने सांगतो.

तीनशे मीटरवर ३०४ मी लावणार नाही. ३१६ लावा, किंमत दीडपटीच्या आसपास जाते. जाडी वर्नियरने मोजून घ्या. सोळा गेज म्हणजे साधारण १.६ मिलीमीटर, वीस गेज म्हणजे ०.९. कोटेशनमध्ये नुसता "एसएस पाइप" असेल तर तो बहुतेक पातळ निघतो. फिनिश आरशासारखं घ्या. मॅट किंवा ब्रशचं फिनिश फोटोत छान दिसतं, पण त्याच्या बारीक रेघांत मीठ अडकून बसतं. वेल्डिंग आर्गन वायूचं आणि कांडी ३१६ एलची, म्हणजे ३१६ च्याच कमी कार्बनच्या प्रकाराची. सांध्याभोवती जी निळी-तपकिरी छटा येते ती नुसती बफ मारून झाकू देऊ नका, पिकलिंग पेस्ट लावून काढायला सांगा. तिथलं वरचं संरक्षक कवच जळालेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. पेस्ट जहाल ॲसिडची असते, तेव्हा ती लावणाऱ्या पोराच्या हातात मोजे आणि डोळ्यावर चष्मा आहे ना ते बघा. आपल्याकडे हे कुणी करत नाही.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये एका बाजूला लोखंडी ग्रिल कापतात आणि शेजारी स्टीलचे पाइप ठेवलेले असतात. लोखंडाच्या ठिणग्यांचा भुगा स्टीलवर बसतो आणि महिन्याभरात त्याचे बारीक लाल ठिपके उठतात. मग मालक म्हणतो स्टील खोटं आणि फॅब्रिकेटर म्हणतो हवा खराब. खोटं कुणीच नसतं. कटिंगची चाकं वेगळी ठेवा, आणि ग्रिल व रेलिंग एकाच आठवड्यात एकाच शेडमध्ये करू नका, एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

३१६ परवडत नसेल तर स्वस्तातलं स्टील घेण्यापेक्षा लोखंडच घ्या, पण हॉट डिप गॅल्वनाइज करून. इथे शब्दांचा घोळ असतो. दुकानातला जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप आणून वेल्ड केला की सांध्यावरचा जस्ताचा थर जळून जातो, त्यावर चंदेरी रंग मारतात आणि "जीआय रेलिंग" म्हणून देतात. त्या चौकोनी पाइपांवर तर बऱ्याचदा आठ-दहा मायक्रॉनच जस्त असतं. खरं हॉट डिप म्हणजे आधी रेलिंग पूर्ण तयार करायचं, भोकं-बिकं सगळी पाडून घ्यायची आणि मग सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात अख्खं बुडवायचं. पाइपाच्या जाडीप्रमाणे पन्नास ते पंचाऐंशी मायक्रॉनचा थर आतून-बाहेरून बसतो. पोकळ पाइपाला हवा जायला भोकं ठेवावीच लागतात, नाहीतर आत कोंडलेली हवा आणि ओल टाकीत पाइप फोडते. आमच्या आसपास अशी टाकी नाही. मी चौकशी केली तेव्हा कोल्हापूर किंवा पुण्याकडे पाठवायला लागणार होतं, म्हणून तुकडे टाकीत आणि टेम्पोत मावतील असे करून बोल्टने जोडायचं ठरत होतं. शेवटी मी तो रस्ता सोडला, पण तुम्हाला कोल्हापूर जवळ आहे. दिसायला ते राखाडी आणि रुक्ष दिसतं हे आधीच सांगतो. आमच्या आईने नमुना बघून "हे एष्टी स्टँडावरचं आहे का" असं विचारलं होतं.

साध्या लोखंडावर पावडर कोटिंग अजिबात नको. एक ओरखडा पडला की गंज आतल्या आत पसरतो आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

ॲल्युमिनियम चांगलं आहे, किनाऱ्यावर माझा त्याला विरोध नाही, फक्त दोन गोष्टी. ओल्या सिमेंटचा त्याला त्रास होतो, त्यामुळे खांब थेट गिलाव्यात गाडायचा नाही, मध्ये डांबराची पट्टी किंवा रबर हवं. आणि स्टीलच्या स्क्रूखाली नायलॉनचे वायसर हवेत, नाहीतर दोन धातू आणि खारं पाणी मिळून तिथे बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजतं.

काच? रोज पुसणार असाल तर लावा. आठवड्यात मिठाने धुरकट होते. शिवाय तुमच्याकडे वानरं असतीलच. आमच्याकडे रोज साडेसातला टोळी येते आणि त्यातला एक दांडगा हुप्प्या खांब दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतो. पाया ढिला आहे का हे मला आता मुद्दाम तपासावं लागत नाही.

लाकडाचं म्हणाल तर जुन्या माडीचा सागवानी कठडा आमच्या आजोळी अजून उभा आहे, पण तो खोल छपराखाली आहे आणि त्याला दरवर्षी तेल पाजायला घरात माणसं होती.

मी शेवटी काय केलं ते सांगतो. २०२१ मध्ये संपूर्ण रेलिंगच धातूचं असायला हवं हा हट्ट सोडला. गॅलरीच्या कडेला बीम होताच, त्यावर जांभ्याच्या चिऱ्याचा दोन फूट कठडा बांधला, अधूनमधून झरोके ठेवले म्हणजे बसल्या जागी वारा लागतो. वर काँक्रीटची पट्टी, बाहेरच्या अंगाला उतार दिलेली, आणि तिच्यावर ३१६ चे बुटके खांब आणि दोन आडव्या नळ्या. एकूण उंची फरशीपासून साडेतीन फूट. स्टील निम्म्यावर आलं, त्यामुळे ३१६ परवडलं. मुख्य म्हणजे खांबांचे पाय फरशीवरच्या पाण्यातून वर उचलले गेले. मात्र चिऱ्याचं वजन पुष्कळ असतं. तुमची गॅलरी नुसती पुढे काढलेल्या स्लॅबवर असेल, खाली बीम नसेल, तर हे इंजिनियरला विचारल्याशिवाय करू नका. तिथे फरशीच्या वर चार इंचांची काँक्रीटची पट्टी करून त्यावर पूर्ण उंचीचे खांब घ्या, आणि पाणी बाहेर जायला नळी ठेवायला विसरू नका. घरात लहान मुलं असतील तर पूर्ण उंचीच्या रेलिंगला आडव्या नळ्या नकोत, पोरं शिडी करतात. उभे गज, चार इंचांपेक्षा कमी अंतरावर.

पायाशी वाटी नको. बेस प्लेट उघडी ठेवा, खाली नॉनश्रिंक ग्राउटचा, म्हणजे सुकताना न आकसणाऱ्या सिमेंटी मिश्रणाचा थर द्या आणि त्याला सगळीकडून बाहेर उतार द्या. बोल्टही ३१६ चेच, आणि केमिकल अँकरने, म्हणजे भोकात रसायनाचा गोंद भरून बसवलेले. ठोकून फुगणारे फास्टनर स्लॅबच्या कडेजवळ काँक्रीट फोडतात. जुने खांब काढताना आत लोखंडाचं थुटूक सोडून वरून सिमेंट भरतात, ते करू देऊ नका. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, फुगतं आणि कडेचे पोपडे पाडतं. थुटूक कोअर कटरने मुळासकट काढायला लावा. कडेला आधीच पोपडे पडून सळई दिसत असेल तर रेलिंग नंतर, आधी ती दुरुस्ती.

काम दिवाळीनंतर काढा, फेब्रुवारीपर्यंत संपवा. मे महिन्यात सगळ्यांनाच पावसाची आठवण होते आणि तुमचे पाइप शेडमध्ये पडून राहतात.

"बघायला नको" असं काही नसतं. ऑक्टोबर ते मे, महिन्यातून एकदा बादलीभर गोडं पाणी आणि फडकं, नळीच्या खालच्या बाजूने आणि छपराखाली जास्त. पंधरा मिनिटांचं काम. तारेची घासणी वापरायची नाही. आणि फरशी धुवायचं ॲसिड गॅलरीत आणायचंच नाही. ते हायड्रोक्लोरिक असतं, त्याचे शिंतोडे ३१६ लाही सोडत नाहीत. एका खांबावरचे पिवळे ओघळ ही माझी स्वतःची, एका उत्साही रविवारची कामगिरी आहे.

एक शेवटचं, आणि हे आजच करा. आठ वर्षांत सडलेलं म्हणताय, तर ते तुमच्या फोटोत दिसतंय त्याहून वाईट असणार. नवीन येईपर्यंत कडेपासून दोन फूट आत, भिंतीतल्या दोन हुकांना आडवा बांबू बांधा, आणि त्या रेलिंगवर वाळत टाकलेली चादर कुणी ओढून काढणार नाही हे बघा.